डोकी मोजून शाळा चालत नाही

समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेला वर्षाकाठी एक रक्कम येते. तिला संयुक्त शाळा अनुदान म्हणतात. विजेचे बिल, खडू, फुटलेली कौले, गळका नळ, झाडू-फिनेल, मुलांचा चेंडू हे सगळे त्यातच भागवायचे आणि त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवरच खर्च करायचा. केंद्राच्या निकषांप्रमाणे पट ३० पर्यंत असेल तर ही रक्कम १०,००० रुपये, आणि ३१ ते १०० असेल तर २५,००० रुपये. समजा, एका शाळेचा पट ३१ आहे. जूनमध्ये एक वडील दाखला काढायला येतात, कारण मुलाला तालुक्याच्या गावी घालायचे असते. मुख्याध्यापक सही करतात आणि त्या सहीबरोबर शाळेचे वर्षाचे १५,००० रुपये जातात. कौले तेवढीच राहतात, विजेचा मीटर तोच राहतो, पाण्याची टाकीही तेवढीच धुवावी लागते. उरलेल्या ३० मुलांची शाळा महिन्याला ८३३ रुपयांत चालवायची असते.

रक्कम लहान आहे म्हणून हे उदाहरण सोडून देऊ नये. त्यामागचा विचार मोठा आहे आणि गेली पंधरा-वीस वर्षे तो महाराष्ट्राच्या शालेय धोरणाचा कणा होऊन बसला आहे. पैसा पटामागे जावा, शिक्षक पटामागे मिळावेत, पट गेला की शाळाही जावी, असा तो विचार. जिल्हा परिषदांच्या, नगरपालिकांच्या आणि जुन्या अनुदानित संस्थांच्या शाळा, म्हणजे ज्यांना मुख्य प्रवाहातील शाळा म्हणावे अशा सगळ्या, आज या एकाच मापाने मोजल्या जातात. हे माप चुकीचे आहे असे माझे मत आहे. पण आपल्याकडे खंडनाची जुनी शिस्त अशी की पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडायचा अधिकार नाही. ती शिस्त इथे पाळतो.

पटवाद्यांचे म्हणणे असे. करदात्याचा पैसा मुलांसाठी आहे. इमारती टिकवण्यासाठी किंवा नोकऱ्या राखण्यासाठी नाही. २०२३ च्या आकड्यांप्रमाणे राज्यात २० किंवा त्याहून कमी पटाच्या साडेचौदा हजारांवर शाळा होत्या. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले आणि २९ हजारांवर शिक्षक होते. म्हणजे सहा-सात मुलांमागे एक शिक्षक. त्याच वेळी शहरालगतच्या शाळेत एकेका वर्गात पन्नास-साठ मुले कोंबलेली असतात. जन्मदरही घटला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ वर आलेला दिसतो. त्यामुळे ही मुले परत यायची नाहीत. शिवाय चार मुलांच्या शाळेत मुलाला खेळायला गडी मिळत नाही, गाण्याला कोरस मिळत नाही, भांडायलासुद्धा कोणी मिळत नाही. मग वाड्यावस्त्यांवरच्या अशा शाळा एकत्र करून एक चांगली समूह शाळा का उभारू नये? पानशेत आणि तोरणमाळ इथली उदाहरणे शासनाने २०२३ मध्ये याच कारणासाठी पुढे केली.

त्यांचे आणखी दोन मुद्दे वजनदार आहेत. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि कागदावर असलेली, पण वर्गात नसलेली मुले उघड झाली. अनुदान शाळेला द्या, पट मोजू नका, असे म्हणणाऱ्याला हा अनुभव विसरता येणार नाही. दुसरा मुद्दा अभ्यासाचा आहे. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशात सोडतीने निवडलेल्या मुलांना खासगी शाळेचे व्हाउचर दिले. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेलुगू आणि गणितात दोन्हीकडची मुले सारखीच निघाली, हिंदीत खासगी शाळेतली मुले पुढे होती, आणि खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. तेवढेच शिक्षण एवढ्या कमी पैशांत मिळत असेल तर जास्त पैसे का द्यायचे, असा त्यांचा प्रश्न आहे.

यांतले बरेच मला मान्य आहे. खोटा पट हा मुलांच्या तोंडचा घास काढण्याचा प्रकार होता. शिक्षकांची वाटणी विषम आहे. एकट्यादुकट्या मुलाची शाळा ही त्या मुलाच्या दृष्टीने अपुरी शाळा आहे. भांडण आहे ते या खऱ्या गोष्टींवरून काढलेल्या निष्कर्षाशी.

हिशेबापासून सुरुवात करू, कारण पटवादाची सगळी प्रतिष्ठा हिशेबावर उभी आहे. दर मुलामागे खर्च काढायचा तर शाळेच्या एकूण खर्चाला मुलांच्या संख्येने भागायचे. ही सरासरी झाली. पण शाळेचा खर्च सरासरीने होत नाही, तो पायऱ्यापायऱ्यांनी होतो. २८ मुलांच्या वर्गातून पाच मुले गेली तर शिक्षकाचा पगार पाच अठ्ठाविसांशाने कमी होत नाही. खोली तेवढीच झाडावी लागते, सगळे विषय शिकवावे लागतात, पोषण आहाराची चूल तितक्याच वेळा पेटवावी लागते. वाचले काय, तर पाच पाठ्यपुस्तकांचे संच, पाच गणवेश आणि पाच मुलांचे धान्य. हिशेबवाला मात्र पाच मुलांचा सरासरी वाटा काढून घेतो. जो खर्च कमी झालाच नाही त्याचे पैसे तो परत मागतो आणि हा फरक उरलेल्या २३ मुलांच्या शिक्षणातून वसूल होतो. पुढची पायरी आली की एक आख्खा शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे समायोजन दुसऱ्या तालुक्यात होते. तेव्हा उरलेल्या मुलांचा वाटा वाढत नाही, त्यांचा शिक्षकच जातो.

हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. एखाद्या दोनशिक्षकी शाळेत सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसावे. पहिली ते पाचवी असे पाच वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. एक पहिली-दुसरीचा जोडवर्ग घेतो, दुसऱ्याकडे तिसरी, चौथी आणि पाचवी. एकाला केंद्रावर बैठकीला बोलावले की दुसऱ्याकडे पाचही वर्ग. त्यातच मोबाइलवर निरोप येतो की अमुक माहिती दुपारी दोनपर्यंत ऑनलाइन भरा. शिक्षक ओसरीत उभा राहून सिग्नल शोधतो आणि आत तिसरीतली मुलगी पहिलीतल्याला अक्षरे गिरवून देते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत आणि त्याला खालची मर्यादा ठेवलेली नाही. त्यामागचे शहाणपण असे की दोन शिक्षक ही शाळेची किमान गरज आहे, मुलांच्या डोक्यांवर वाटलेला तो हिस्सा नव्हे. २०२४ च्या सप्टेंबरात कमी पटाच्या शाळांत दुसऱ्या नियमित शिक्षकाऐवजी महिना १५,००० रुपये मानधनावर कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय आला. त्याचे पुढे काहीही झाले असो, त्याने धोरणाची दिशा दाखवली: कायद्याने किमान ठरवलेली गोष्ट पटाच्या हवाली करायची.

इंग्लंडने शाळांना पैसा देण्याचे एक राष्ट्रीय सूत्र २०१८ पासून लागू केले आहे. डोईमागे पैसा या विचाराचा तो देश मोठा पुरस्कर्ता. तरीही त्या सूत्रात प्रत्येक शाळेला, तिचा पट कितीही असो, एक ठरावीक एकरकमी वाटा आहे. आणि विरळ वस्तीतल्या लहान शाळांसाठी वेगळा घटक आहे. डोकी मोजण्यात इतके पटाईत असलेल्या व्यवस्थेलाही शाळा म्हणून जो खर्च होतो तो आधी बाजूला काढावा लागला. आपल्याकडे सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या वस्त्या समोर असताना ती गरज अधिक आहे, कमी नाही.

आता इतिहास. पटावर आणि निकालावर पैसा ही कल्पना नवी आहे, आधुनिक व्यवस्थापनातून आलेली आहे, असा एक समज आहे. ती एकोणिसाव्या शतकातली आहे आणि तिचा निकालही त्याच शतकात लागलेला आहे. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान हजेरी आणि वाचन-लेखन-अंकगणिताच्या परीक्षेवर ठरवले. परिणाम असे झाले की वाचनाची पुस्तके मुलांनी अर्थ न कळता तोंडपाठ केली, तपासणीच्या दिवशी आजारी मुलेही वर्गात आणून बसवली गेली, आणि जे विषय मोजले जात नव्हते ते शिकवणे मागे पडले. स्वतः शाळा निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड त्याविरुद्ध वर्षानुवर्षे लिहीत राहिले. ती पद्धत शतक संपायच्या आत मोडीत निघाली.

ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली होती आणि तिला उत्तर पुण्यातूनच मिळाले. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे जोतीराव फुल्यांचे हंटर आयोगापुढचे निवेदन आपण उच्चशिक्षणावर होणारा खर्च आणि प्राथमिक शिक्षणाची आबाळ यांसाठी वाचतो, आणि ते बरोबरच आहे. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि त्याचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, ही त्यांची तक्रार आजही टोचते. पण त्याच निवेदनात अनुदानाच्या पद्धतीबद्दल त्यांनी जे म्हटले आहे त्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले आहे. निकालानुसार पैसे देण्याची रीत गरीब आणि अशिक्षित समाजात शिक्षण वाढवायला अजिबात उपयोगी नाही, असे त्यांनी स्पष्ट नोंदवले. कारणही दिले: ज्यांच्यात शिक्षणाची गोडी अजून रुजलेली नाही त्यांच्यात कोणी शिक्षक स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढणार नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही. ती गोडी लागेपर्यंत सरकारनेच शाळा चालवल्या पाहिजेत आणि जास्तीची उत्तेजनेही दिली पाहिजेत, असे त्यांचे मत होते.

हा युक्तिवाद बारकाईने पाहावा. शाळेचा पैसा मुलांच्या संख्येवर आणि यशावर ठरवला तर ज्या वस्तीत मुले कमी येतात, उशिरा येतात, मध्येच सोडतात, तिथली शाळा सगळ्यांत गरीब होते. आणि शाळेची गरज नेमकी त्याच वस्तीला सगळ्यांत जास्त असते. म्हणजे ही पद्धत गरजेच्या उलट दिशेने पैसा वाहवते. १८४८ पासून शाळा चालवलेल्या माणसाला हे अनुभवाने माहीत होते.

इथे कोणी मला अडवेल. त्याच निवेदनात फुल्यांनी शिक्षकांना मुलांच्या संख्येवर भत्ता देण्याची सूचनाही केली होती, मग ते पटवादाच्या विरुद्ध कसे? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर निवेदनाच्या रचनेतच आहे. त्यांनी आधी काय मागितले ते पाहा. प्रशिक्षित शिक्षक, त्याला महिना १२ रुपयांपेक्षा कमी नाही असा पगार, मोठ्या गावांत १५ ते २०, लोकल सेसच्या निधीतला निम्मा भाग फक्त प्राथमिक शिक्षणाला, नगरपालिकांवर शाळा चालवण्याची कायद्याने सक्ती, आणि प्रांतिक किंवा साम्राज्याच्या तिजोरीतून पुरेसे अनुदान. हा पाया घातल्यावर वर उत्तेजन म्हणून मुलांमागे भत्ता. आज क्रम उलटला आहे. पायाची जागा भत्त्याने घेतली आहे आणि पायाच पटावर टांगला आहे.

पट पडतो म्हणून पैसा आणि शिक्षक कमी होतात असे आपण मानतो. प्रत्यक्षात दोन्ही दिशांनी हे चक्र फिरते, आणि त्यातला दुसरा फेरा सरकारच्या हातात असूनही त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. पट थोडा घटतो. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकपदे ठरवण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, एक पद जाते. जोडवर्ग वाढतात. पालकांना आपल्या मुलाकडे लक्ष द्यायला कोणी नाही हे दिसते आणि ते परवडत नसतानाही मुलाला व्हॅनमध्ये बसवून बाहेरच्या शाळेत पाठवतात. पुढच्या वर्षी पट आणखी घटतो. तीन-चार वर्षांत ती शाळा वीसच्या आतल्या यादीत येते, आणि मग आपण तिच्याकडे बोट दाखवून म्हणतो की लोकांनाच ही शाळा नको आहे. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा हीच भाषा वापरली गेली. जन्मदर घटला हे खरे, पण पट केवळ त्यामुळेच घटला असता तर शेजारच्या इंग्रजी शाळेच्या गाड्या भरल्या नसत्या.

आणि त्या शेजारच्या शाळा आल्या कुठून? शासनाच्याच धोरणातून. २००१ मध्ये नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी द्यायचे ठरले. २००९ मध्ये 'कायम' हा शब्द काढला गेला, त्यानंतर मूल्यांकन, मग २० टक्के, ४० टक्के असे टप्पा अनुदान. ज्यांनी तरुणपणी बिनपगारी शिकवायला सुरुवात केली ते शिक्षक केस पिकेपर्यंत पुढच्या टप्प्यासाठी आझाद मैदानावर पावसात बसले. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांचे दार उघडले. आंध्रच्या प्रयोगातील स्वस्ताईचे उत्तर इथे आहे. खासगी शाळा स्वस्त पडते कारण तिथल्या शिक्षकाला सरकारी शिक्षकाच्या पगाराचा एक लहान अंश मिळतो. अध्यापनाची कोणती युक्ती तिला सापडलेली नसते. ही स्वस्ताई महाराष्ट्राने वीस वर्षे करून पाहिली आहे आणि तिची किंमत काय असते हे त्या शिक्षकांच्या घरी विचारावे. त्या प्रयोगातून निघणारा खरा प्रश्न वेगळा आहे: नीट पगार मिळणाऱ्या शिक्षकाला आपण शिकवायला किती तास मोकळे ठेवतो? त्याची चर्चा व्हावी. त्याचे उत्तर पट पाहून पदे कापण्यात नाही.

अनुदानित शाळांवरही हाच कात्रीचा प्रयोग झाला. वेतनेतर अनुदान, म्हणजे भाडे, वीज, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांचा पैसा, २००४ पासून काही वर्षे थांबलेच होते. २०१३ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने शिपायाचे पद जाऊन त्याजागी भत्ता आला. ग्रामीण भागातल्या शाळेला तो महिना ५,००० रुपये. घंटा देणारा, पाणी भरणारा, कुलूप लावणारा, प्रयोगशाळेत काचेची नळी धुणारा माणूस ५,००० रुपयांत मिळत नाही. मग ते काम शिक्षक करतात, मुले करतात, नाहीतर होत नाही. हे बदल एकेकटे पाहिले तर काटकसर वाटतात. एका शाळेच्या अंगावर ते एकावर एक पडतात तेव्हा पालकाला दिसते ती कळा गेलेली शाळा.

यातली सगळ्यांत क्लेशकारक विसंगती २०२४ मध्ये दिसली. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि शासनाने त्यांची प्रतिपूर्ती करायची. राज्याने त्यासाठी दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरवले होते. ही रक्कम वेळेवर मिळत नाही म्हणून शाळा तक्रार करत राहिल्या. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने शासनाने तोडगा काढला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ही जबाबदारी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती दुरुस्ती रद्द केली. न्यायालयाने योग्यच केले. पण मला बोचले ते याहून वेगळे. त्या अधिसूचनेमागचा युक्तिवाद असा होता की जवळ आपली शाळा आहेच, मग मुलाला दुसरीकडे का पाठवायचे. पाचच आठवड्यांनी, १५ मार्च २०२४ रोजी, संचमान्यतेचे नवे निकष आले आणि त्यांनी त्याच जवळच्या शाळेतले शिक्षक कमी केल्याची तक्रार राज्यभरातून उठली. गरिबाच्या मुलाला सांगायचे की तुझी शाळा इथेच आहे, आणि पाच आठवड्यांतच त्या शाळेची पदे मोजायला बसायचे, ही दोन्ही कामे एकाच खात्याने केली.

'पैसा ओतून शिक्षण सुधारत नाही' हा पटवादाचा शेवटचा आधार. त्याला अमेरिकेतल्या १९६६ च्या कोलमन अहवालापासून आणि पुढे अर्थशास्त्रज्ञ एरिक हानुशेक यांच्या लेखनापासून बळ मिळाले. तो अभ्यास हलका नव्हता. पण त्या वेळी खर्च आणि निकाल यांची तुलना करताना एक अडचण सुटत नव्हती: जिथे मुले मागे असतात तिथेच सरकार जास्त पैसा पाठवते, त्यामुळे आकड्यांत जास्त पैसा आणि कमी निकाल शेजारी दिसतात. डॉक्टर जिथे जास्त तिथे आजारी जास्त दिसावेत तसे. किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको यांनी २०१६ मध्ये न्यायालयांच्या आदेशांनी झालेली अनुदानवाढ निवडली, म्हणजे जी निकाल पाहून ठरलेली नव्हती, आणि त्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला. शालेय जीवनाची बाराही वर्षे दर मुलामागचा खर्च १० टक्क्यांनी वाढला तर शिक्षण सुमारे ०.३ वर्षाने आणि पुढची मजुरी सुमारे ७ टक्क्यांनी वाढते असे त्यांना आढळले. गरीब घरांतल्या मुलांत फायदा अधिक.

आणि पैसा मुलामागे धावू द्या या कल्पनेचा सर्वांत मोठा प्रयोग चिलीत झाला. १९८१ पासून तिथे हजेरीनुसार दर मुलामागे अनुदान, सरकारी शाळेलाही आणि खासगीलाही. चँग-ताय श्ये आणि मिगेल उर्कियोला यांनी २००६ मध्ये त्याचा हिशेब मांडला: सरासरी गुणवत्ता वाढल्याचे त्यांना आढळले नाही, बऱ्या परिस्थितीतली मुले तेवढी सरकारी शाळांतून निघून गेली. २००८ मध्ये चिलीला गरीब मुलांसाठी जास्तीचे वेगळे अनुदान आणावे लागले आणि २०१५ च्या कायद्याने अनुदानित शाळांतली नफेखोरी आणि पालकांकडून घेतली जाणारी वरची फी टप्प्याटप्प्याने बंद करण्याकडे जावे लागले. ज्या रस्त्यावरून चिली सत्तावीस वर्षांनी मागे वळली त्या रस्त्याला आपण सुधारणा म्हणतो आहोत.

मग मंडन काय? शाळेचा पाया आधी आणि पट नंतर, एवढेच. जिथे शाळा हवी असे एकदा ठरले तिथे दोन नियमित शिक्षक, खोल्यांची देखभाल, वीज-पाणी, स्वच्छतेचा माणूस आणि पुस्तके यांचा खर्च पट न विचारता द्यावा. त्याच्या वर मुलांच्या संख्येनुसार वाढ द्यावी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले, पाड्यावरचे, घरी वेगळी बोली बोलणारे किंवा अपंगत्व असलेले मूल असेल तर ती वाढ मोठी असावी, कारण त्या मुलाला शिकवायला जास्त वेळ लागतो. खोट्या पटाचा धोका या पद्धतीत कमी होतो, वाढत नाही: ज्या शाळेचे पोट पटावर अवलंबून नाही तिला खोटी नावे लिहिण्याची गरजच पडत नाही. २०११ च्या पडताळणीचा धडा मी असा वाचतो. शिवाय पदे दर वर्षी हलवू नयेत. पट घसरला तर तो का घसरला हे केंद्रप्रमुखाने गावात जाऊन पाहावे आणि तीन वर्षांच्या सरासरीवर निर्णय व्हावा.

एकत्रीकरण कधीच करू नये असे मी म्हणत नाही. दोन शाळांमध्ये बारमाही चांगला रस्ता आहे, मधे ओढा नाही, गाडी खरोखर रोज येते आणि ग्रामसभेची संमती आहे, तिथे करावे. मुलांना सोबती मिळतील. पण त्याचा हिशेब मांडताना गाडीचे डिझेल, चालक, मुलींबरोबर बसणारी मदतनीस, पावसाळ्यातले बुडालेले दिवस हेही धरावे. आज वाचलेल्या पगाराची रक्कम टिपणीत ठळक असते आणि हे सगळे 'वाहतूक भत्ता' या दोन शब्दांत आटोपते. सहा वर्षांच्या मुलीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, हे अंतर नियमांत विचार करून घातलेले आहे. भात लावणीच्या दिवसांत आई-वडील शेतात असताना तिला तीन-चार किलोमीटरवर कोण सोडणार याचा विचार तो नियम लिहिणाऱ्यांनी केला होता.

यातले नवे काहीच नाही. कोल्हापूरच्या मातीतले जे. पी. नाईक ज्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, त्या १९६४-६६ च्या आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च आणि सर्व थरांतल्या मुलांसाठी परिसरातली एकच समान शाळा या दोन गोष्टी एकत्र मागितल्या होत्या. आपण सहा टक्क्यांचा आकडा भाषणांत ठेवला आणि समान शाळा विसरलो. पैसा कमी पडला म्हणून शाळा तुटल्या हे अर्धेच खरे आहे. शाळा सर्वांची राहिली नाही म्हणून तिच्यासाठी पैसा मागणारेही उरले नाहीत. गावचा सरपंच, डॉक्टर, दुकानदार यांची मुले तिथून गेली की गळक्या छपरासाठी तालुक्याला खेटे घालायला कोण जाणार?

संचमान्यतेसाठी पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. बीड-पाटोद्याकडची कुटुंबे दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कोयता बांधून ट्रॅक्टरवर चढतात. त्यांची मुले ३० सप्टेंबरला आपल्या गावच्या पटावर असतात आणि नोव्हेंबरात एखाद्या साखर कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेच्या दारात उभी असतात. तिथल्या शिक्षकाने त्यांना वर्गात घेतले, आणि अनेक शिक्षक घेतात, तर त्या वर्षीच्या मोजणीत ती मुले नाहीत. आधारची नोंद जुळली नाही तर पुढच्याही मोजणीत नाहीत, अशी शिक्षकांची तक्रार आहे. वर्गात मात्र ती आहेत. त्यांना पाटी लागते, दुपारचे जेवण लागते, आणि पाचवीत असूनही दुसरीच्या धड्यापासून सुरुवात करून देणारा शिक्षक लागतो. एप्रिलमध्ये ती परत जातील तेव्हा त्या शिक्षकाच्या हजेरीवर त्यांच्या नावापुढे पाच-साडेपाच महिन्यांच्या खुणा असतील, आणि शाळेच्या अनुदानात त्यांच्या नावावर एक रुपयाही नसेल.